साखराबाईची हाक, पंचशीलाचं गाणं

पंचशीला कागद घेऊन बसली की तिला एक ओळ सुचत नाही. पण कापसाच्या वेचणीला ओटी बांधून वाकली, की ओळीमागून ओळ चालत येते. संध्याकाळी ओटी सोडेपर्यंत गाणं उभं राहिलेलं असतं.

गाणं तिला बापाकडून मिळालं. ज्ञानोबा, तिचे दादा, गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत पार्टी आष्टीपासून माजलगावापर्यंत गावं पालथी घालायची आणि लहानगी पंचशीला पेटीच्या मागं बसून टाळी धरायची. ज्ञानोबांनी तिला एकच शिकवण दिली, "पोरी, चाल कुणाचीबी असू दे. सिनेमाची असू दे, वरातीतल्या बँडची असू दे. चाल म्हंजी वाट. वाटंवर कुणाचं नाव नसतं. शब्द मात्र आपला पायजे."

तिचा दुसरा गुरू होती साखराबाई, आणि ते साखराबाईला ठाऊकच नव्हतं. साखराबाई धनगराची. नवरा आप्पाराव गेल्यापासून सगळा कळप एकटी राखते. पंचशीला लहानपणी घरच्या शेळ्या घेऊन तिच्यासोबत माळावर जायची. ऊन डोक्यावर आलं, की साखराबाई पाझर तलावाच्या बांधावर उभी राहायची, तोंडाशी तळवा धरायची आणि हाक घालायची, "हिर्रयोऽऽ... याऽऽ!" पोटातून निघालेला तो खालचा सूर वर चढत जायचा आणि टोकाला जाऊन फुटायचा. मग सगळ्या उतारावरची मेंढरं एकदम मान वर करायची आणि पाण्याकडे लोटायची. पंचशीलाच्या अंगावर काटा यायचा.

पुढं तिचं लग्न गावातल्याच संजयशी झालं. माहेर-सासर एका हाकेवर. संजय ढोलकी वाजवतो, त्यामुळं घरात गाणं थांबलं नाही. चवदार तळ्यावर एक गाणं करावं, हे पंचशीलाच्या मनात फार वर्षांपासून होतं. शब्द सापडत नव्हते. एका दुपारी तिनं बांधावरून मेंढरं पाण्याला लागलेली पाहिली. कुणी पुढचं नाही, कुणी मागचं नाही, सगळ्यांची तोंडं एकाच पाण्यात. गाणं तिथंच आलं:

तहान साऱ्यांची एक, पाणी साऱ्यांचं एक,
कोन आडवतो वाट? पाण्याला या रं लेक!

आणि ह्या ओळींच्या पाठीवर तिनं साखराबाईची हाक ठेवली. जशीच्या तशी.

कंपनी नाही, स्टुडिओ नाही. संजयनं शाळेच्या भिंतीआड फोन उभा केला, ढोलकी धरली आणि गाणं त्यांच्या चॅनलवर टाकलं. ते असं पसरलं, की लग्नात तेच, रिक्षात तेच, ऊस भरून जाणाऱ्या ट्रॅक्टरवर तेच. साखराबाईला कुणीतरी ऐकवलं तेव्हा ती पदरानं तोंड झाकून हसली. "माझी हाक आता इमानातबी बसंल म्हनं!"

महिनाभरानं तीच साखराबाई पंचशीलाच्या दारात उभी राहिली. लुगड्यावर धुरळा, हातात काठी.

"पंचे, भाईर ये."

"या की आत्या. च्या टाकते."

"च्या नगं. माझी मेंढरं कुठं गेलती ते इचार."

"कुठं गेलती?"

"ट्रॅक्टरच्या मागं. वरातीला! तुझं गाणं लागलं न् समदी उठून पळाली. तिथं पाणी न्हाई न् काय न्हाई. असं रोज चाललंय. आता मी बांधावरून घसा फाडते, तर एक मान वर हुईना. फसलेलं जनावर पुन्यांदा येतं व्हय?"

साखराबाईनं उंबऱ्यावर बसून गुडघ्यावर हात ठेवला. "काल एकेकाला हाकलीत पाण्यावर न्यावं लागलं, ह्या गुडघ्यानं. ती हाक म्हंजी माझं पाय हायती गं. ते तू जगाला वाटून बसलीस. असंच चाललं तर कळप इकावा लागंल मला."

"आत्या, चाल कुणाची नसती. दादा म्हनायचे..."

"मानसाची नसंल. माझ्या मेंढरांची हाय."

पंचशीला संजयकडं गेली.

तिनं त्याच दिवशी गाणं चॅनलवरून काढायला लावलं. संजय काढता काढता म्हणाला, "काढतो. पर ज्याच्या त्याच्या फोनात हाय, त्याचं काय करशील? आन् अंबाजोगाईच्या जयंतीला आपल्याला बोलवलंय कावून? ह्याच गाण्यासाठी ना?"

"गाणं म्हनीन. हाक घालणार न्हाई."

"हाकेबिगर ते गाणं म्हंजी आळणी कालवन."

"आळणी तर आळणी."

अंबाजोगाईला मैदान भरून माणसं होती. एवढ्या माणसांपुढं ती कधी उभी राहिली नव्हती. माईक हातात आला आणि पहिल्याच ओळीला टाळ्या पडल्या. ती हाकेच्या जागेपाशी आली आणि तिनं ओठ मिटून घेतले. ढोलकी तेवढी मोकळी वाजत राहिली. मग मागच्या रांगेतून कुणीतरी घातली, "हिर्रयोऽऽ..." आणि पाठोपाठ सगळं मैदान हाक घालू लागलं. बाया, म्हातारे, पोरं, सगळ्यांनी सूर अगदी नेमका फोडला. जिच्यासाठी एवढी वर्षं गात आली, ती दाद समोर उभी होती, आणि पंचशीलाला ती घेता येईना.

गावी आली तशी ती बांधावर गेली. साखराबाई बसली होती. ओटीत मीठ होतं आणि भोवती मेंढरं.

"आत्या, मी हाक गिळली. पर लोकं काय गिळंनात."

साखराबाई हसली. "लोकांच्या तोंडात पडल्यालं परत येतं व्हय? तुझ्या हातचं ऱ्हायलं न्हाई आता ते, येडे." तिनं एका मेंढीपुढं मिठाचा हात धरला. "मी नवी हाक लावतीया. मीठ द्यायचं न् हाक घालायची. थोडी वळत्यात, थोडी निस्ती बघत्यात. येळ लागंल."

कशी आहे ती हाक, हे पंचशीलाच्या अगदी जिभेवर आलं. साखराबाईनं तिच्याकडं पाहिलं.

"इचारू नगं. तुजं कान लई चोरटं हायती."

"न्हाई इचारत."

"मग ऊठ. तू हितं हायेस तंवर मी तोंड उघडायची न्हाई. आन् मेंढरं तहानली हायती."

पंचशीला उठली. नवा सूर कुठं उमटतोय म्हटल्यावर तिचे पाय आजवर कधी मागं वळले नव्हते. आपण होऊन जवळ जायचे. आज तिनं पदर दोन्ही कानांवरून घट्ट गुंडाळला, टोकं हनुवटीखाली मुठीत धरली आणि भराभरा माळ चढू लागली. वर पोचल्यावरच तिनं मागं पाहिलं. बांधावर साखराबाई तोंडाशी तळवा धरून उभी होती. खाली काही मेंढरं पाण्याकडं वळली होती. काही अजून उभीच होती.