गाडीला लोड कमी पडला तेव्हा

बाबा खडकीच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि आमच्या कोथरूडच्या घराची तपासणी सुरू झाली. जन्मभर मशिनं दुरुस्त केलेला माणूस आता आईच्या फोडणीत नाक खुपसू लागला. मोहरी आधी का, गॅस एवढा मोठा का, झाकण उलटं का. मी आयटीतली, सल्ला तोंडात तयारच. म्हटलं, "बाबा, लोड घेऊ नका."

"घ्यायला लोड आहे कुठे?" असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. भर सकाळी. ते बघून मला खरोखर भीती वाटली.

यावर आईने जो उपाय काढला, तो ऐकून मी तिला कोपरापासून हात जोडले. ती रोज घरातलं काहीतरी बिघडवू लागली. बाबा फिरायला गेले की स्क्रू ड्रायव्हर घेऊन कधी इस्त्रीच्या प्लगमधली वायर सैल करायची, कधी मिक्सरची. बाबा आले की, "अहो, हे चालत नाहीये हो." बाबांचा चेहरा उजळायचा. मग दुपारपर्यंत मल्टिमीटर, चहा आणि कंपन्यांचा उद्धार. घर अगदी सुरळीत चाललं होतं, फक्त घरातलं काहीच चालत नव्हतं. बाबांना यातलं काही कळू न देणं, एवढंच माझं काम. कळलं तर ते पुन्हा भिंतीकडे तोंड करतील आणि या खेपेला उठणार नाहीत, अशी माझी खात्री होती.

त्यातच मी गाडीला एलईडी हेडलाइट बसवून घेतले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, प्लग अँड प्ले." प्ले मात्र जोरात झालं. डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण पेटली आणि दिवे लुकलुकायला लागले. कर्वेनगरच्या चौकात एका रिक्षावाल्याला वाटलं, मी डिपर देतेय. "जा की ताई, अक्षता देऊ का?" तो ओरडला. स्कूटरवरच्या एका काकांनी तर शेजारी थांबून विचारलं, "आपली ओळख आहे का? नाही ना? मग डोळे कशाला मिचकावताय?"

घरी आल्यावर बाबांनी बॉनेट उघडायच्या आधी माझ्याकडे नीट पाहिलं. "हे कुणी केलंय?"

"कुणी नाही हो. हे खरंच बिघडलंय," मी म्हणाले आणि जीभ चावली.

बाबांनी बॉनेट उघडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक दिव्याच्या वायरींना एकेक रेझिस्टर जोडला. वायरी नुसत्या पिळून चालणार नाही म्हणून सोल्डर केलं, आणि रेझिस्टर प्लॅस्टिकपासून लांब, पत्र्यावर आवळून बसवले. दिवे शहाण्यासारखे लागले.

"काय करतो हा?" मी विचारलं.

"काही नाही. तापतो."

"मग कशाला बसवायचा?"

"एलईडी करंट कमी घेतो. गाडीला वाटतं बल्बच गेला. लोड कमी झाला म्हणून ती लोड घेते. हा उरलेला करंट पिऊन नुसता तापत बसतो आणि गाडी समजते, जुना बल्ब अजून कामावर आहे."

"म्हणजे वाचवलेली वीज तापण्यात घालवायची? बाबा, हा शुद्ध वेडेपणा आहे."

"आहेच. पण गाडी गप्प बसली ना?" त्यांनी फडक्याला हात पुसले, वर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुझ्या आईला एक बरा स्क्रू ड्रायव्हर आणून दे. प्लगच्या स्क्रूंच्या खाचा पार घासल्यात तिने. मी सांगितलं म्हणू नकोस."

"तुम्हाला... कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या इस्त्रीपासून. बाई आधी प्लग काढतेय की नाही, देव जाणे. म्हणून रोज फिरायला निघताना मी खाली मीटरवरून आपला मेन स्विच बंद करून जातो. तिला वाटतं, वीज गेलीय."