तीन प्रयत्नांनंतर शून्य

कळव्याच्या कोळ्यांची मंजुळा १९९२ साली वागळे इस्टेटीतल्या एका कंपनीत दुसऱ्यांचे प्रोग्राम तपासायची. लाल पेन घेऊन बसली की भल्याभल्यांची भंबेरी उडायची. तिचा एकच हेका. टेप किंवा प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्याने खरं सांगितलं पाहिजे. काम झालं तर शून्य परत द्यायचं. नाही झालं तर काय बिघडलं त्याचा आकडा. "आकडा गिळलास ना रे, तर कागद फाडीन," असं ती शेजारच्या आनंदला तोंडावर सांगायची, आणि एकदा खरंच फाडला.

जूनमध्ये टेपच्या ड्रायव्हरची नवी प्रत तिच्यापुढे आली. लिहिणारे दौलत प्रधान, तिला हे काम शिकवणारे सर. बाविसाव्या पानावर ती थबकली. टेपवर लिहिता आलं नाही तर तीनदा प्रयत्न, आणि तरीही नाहीच जमलं तर शून्य. म्हणजे सगळं ठीक!

"सर, हे काय?"

"अगं, आपला ड्रायव्हर वापरणारं डोंबिवलीचं ते हॉस्पिटल दर सोमवारी फोन करून डोकं खायचं. स्क्रीनवर एरर येते म्हणे. दिवाळीत एरर दाखवणं तात्पुरतं बंद केलं, मग राहून गेलं."

आता फोनला कोण कंटाळत नाही म्हणा! पण मंजुळाला हॉस्पिटलचं काम ठाऊक होतं. तिथली डिस्क लहान. जुन्या पेशंटांच्या नोंदी दर शनिवारी टेपवर घ्यायच्या आणि मशीन 'ठीक' म्हणालं की डिस्कवरून पुसून टाकायच्या, अशी तिथली पद्धत होती. तिने दिवाळीतली फाइल काढली. तीच ओळ, आणि शेवटच्या पानावर तपासल्याची तिची सही. लाल खूण एकही नाही. सरांचं काम म्हणून तिने ते वाचलंच नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"गप्प राहा, पोरी. मी दुरुस्त करून पाठवतो," सर म्हणाले. "सही तुझी आहे. नोकरी जाईल."

दुसऱ्या दिवशी ती डोंबिवलीला गेली. तिथल्या नोंदी सांभाळणाऱ्या सरस्वतीबाईंनी हौसेने कपाट उघडलं. दिवाळीपासूनच्या टेपा, प्रत्येकीवर टपोऱ्या अक्षरात तारीख. मंजुळाने एक लावून पाहिली. कोरी. मग एकेक करत सगळ्या लावल्या. सगळ्या कोऱ्या.

"पण मशीन दर वेळी ठीक म्हणायचं हो," सरस्वतीबाई रडकुंडीला आल्या. "माझं काय चुकलं?"

"तुमचं नाही," मंजुळा म्हणाली. "त्याला खोटं बोलायची परवानगी मी दिली. न वाचता."