मायच्या किडनीतली गाठ

वसमतला सोनोग्राफीत मायच्या डाव्या किडनीत लहानशी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, चरबीची असेल तर भ्यायचं कारण नाही. नसेल तर कदाचित किडनीच काढावी लागेल. ते सीटीवर कळणार होतं, आणि हिंगोलीत सीटीचं मशीन चालवतो मीच. त्या दिवशी रजा घ्यायला हवी होती. पण मायला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं म्हटलं की माझा जीव थाऱ्यावर राहीना.

ती हट्ट्याहून पहिल्या एसटीने आली, उपाशीपोटी. हळद शिजवायचे दिवस. हात धुऊनही पिवळेच होते. तिला मशीनवर झोपवून मी काचेआड गेलो आणि माइकवर म्हणालो, "माय, श्वास घे. रोखून धर."

"धरला रे!" ती म्हणाली. श्वास सुटला, चित्र हललं.

मशीनला ओ देणारे पेशंट आमच्याकडे रोज येतात. एरवी मी हसतो. त्या दिवशी ओरडलो, "बोलू नको ना!"

"तूच बोलून राहिला, अन् मी ओ न्हाई देऊ?"

दुसऱ्यांदा तिने ओठ दाताखाली धरले. चित्र स्वच्छ आलं. मी गाठीवर माऊसने गोल काढला. चरबी असती तर घनतेचा आकडा उण्यात आला असता. आला अधिक. गोल लहान केला, सरकवला, पाच-सहा ठिकाणी ठेवून पाहिला. उणे काही येईना. मग शिरेतून औषध सोडलं, तशी गाठ लख्ख उजळली आणि पुढच्या चित्रांत फिकी पडली. अशा चित्रांवर डॉक्टर बहुतेक काय लिहितात, ते मी वर्षानुवर्षं वाचत आलोय. क्वचित साधी गाठही अशीच उजळते, असं मनाशी घोकत राहिलो. भीती काही कमी होईना.

आत जाऊन सुई काढली.

"काय दिसलं रे?"

"रिपोर्ट डॉक्टर देतील." रोज सगळ्यांना सांगतो तेच वाक्य. स्वतःचाच राग आला. तिच्या हातावरचा कापूस मी उगीचच जोरात दाबून धरला होता.

"बरं असतं तं तू माइकवरूनच वरडून सांगितलं असतंस," पदर सावरत ती म्हणाली. "एका किडनीवर माणूस जगतो का, तेवढं सांग."

"जगतो, माय," मी म्हणालो, आणि मलाच रडू फुटलं.