ह्यांच्या धमनीचा आलेख

कुर्डुवाडीच्या डॉक्टरांनी मला ह्यांच्या गुडघ्यामागच्या गाठीवर हात ठेवायला सांगितलं. "दाबू नका, नुसता ठेवा." गाठ उडत होती. धावून आल्यावर छाती उडते, तशी.

"हे गळू नाही, बाई. ह्याला अन्युरिझम म्हणतात. म्हणजे रक्ताच्या धमनीची भिंत एका जागी कमजोर होऊन फुगलीय. फुटली किंवा आत रक्त गोठलं, तर पाय जाईल, कदाचित जीवही. पुण्याला न्या."

मी गाठीवरचा हात झटकन काढून घेतला. कारण महिनाभर मी त्याच गाठीवर पोटीस बांधत होते. शेजारच्या गयाबाई म्हणाल्या होत्या, "वहिनी, गळूच हाय. लई दिवस झाले, चिरा देऊन घ्या की." आम्ही चिरा देणारही होतो. केवळ त्या आठवड्यात शाळेच्या परीक्षा होत्या म्हणून राहिलं. हे परंड्याच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. परीक्षा सोडून कुठं जायचे नाहीत. म्हणून सांगते, गाठ कुठंही असो, आधी हात ठेवून बघा. उडत असेल तर तिला कुणाला हात लावू देऊ नका.

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात सबनीस डॉक्टर भेटले. तपासण्या झाल्या, दोन्ही पायांच्या धमन्यांत औषध सोडून फोटो काढला. फुगलेला भाग काढून तिथं मांडीतली शीर जोडायची, असं ठरलं. त्याला ते ग्राफ्ट म्हणत. "शिरेची भिंत पातळ असते," ते म्हणाले, "धमनीतला दाब सोसायची तिला सवय नसते. बहुतेक वेळा ती हळूहळू जाड होते. कधी बंदही पडते. तसं झालं तर पाय कापावा लागेल."

मग त्यांनी एक विनंती केली. काढलेला तुकडा त्यांना अभ्यासाला हवा होता. धमनीच्या पट्ट्या कापून, त्यांना वजनं टांगून, त्या किती ताणल्या जातात हे ते मोजत असत.

"त्यानं ह्यांना काय फायदा?" मी विचारलं.

"ह्यांना काही नाही," डॉक्टर म्हणाले. मला राग आला, पण खोटं बोलले नाहीत म्हणून जरा धीरही आला.

हे म्हणाले, "घ्या. पण आलेख काढाल तो मला दाखवा."

ऑपरेशननंतर पाऊल गार होतं. मी चादरीखाली हात घालून बसून राहायची. नर्स यायची, घोट्याजवळ नाडी चाचपायची आणि तक्त्यावर काहीतरी टिपून जायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं माझी बोटं धरून तिथं ठेवली. नाडी लागत होती, बारीक, पण लागत होती. पायाची करंगळी मात्र काळी पडली, ती काढावी लागली.

टाके निघाले तेव्हा डॉक्टर खरंच आलेखाचा कागद घेऊन खाटेवर येऊन बसले. त्यांनी आधी समजावून सांगितलं. धमनीच्या भिंतीत दोन जातींचे तंतू असतात. काही रबरासारखे, दर ठोक्याला ताणून परत येणारे. दुसरे कोलॅजनचे, म्हणजे चिवट दोरीसारखे. ते एरवी नागमोडी, सैल पडून असतात. भिंत जास्त ताणली की एकेक करून सरळ होतात आणि भार घेतात. म्हणून आडवी लांबी आणि उभं वजन घेतलं, तर निरोगी पट्टीची रेषा आधी सपाट जाते, मग एकदम चढते.

ह्यांची रेषा पहिल्यापासूनच उभी होती.

ह्यांनी रेषेवरून बोट फिरवलं. "इतकी ताठ, तर मग फुगली कशी?"

"फुगून फुगूनच ताठ झाली, सर. रबरी तंतू गेले. मग चिवट तंतूंवर रोजचाच भार आला. सगळे आधीच ताणलेले."

"म्हणजे सैल काही उरलंच नव्हतं."

"नव्हतं."

मग मला राहवलं नाही. दुसऱ्या गुडघ्यामागची धमनीही थोडी रुंद आहे, हे फोटोवरून कळलं होतं. मी विचारलं, "ह्या आलेखावरून सांगता येईल का, ती किती वर्षं टिकेल?"

डॉक्टरांनी कागदाची घडी केली. "नाही सांगता येत. ही मेलेली पट्टी आहे, बाई. जिवंत पायात रोज काहीतरी झिजतं, रोज काहीतरी नवं विणलं जातं. ते मोजायला आम्हाला अजून येत नाही. दर सहा महिन्यांनी या, आपण बघत राहू."

इतके दिवस मला कुणीतरी नक्की आकडा सांगावा असं वाटत होतं. त्या दिवशी आकड्याची आशा सुटली आणि का कोण जाणे, मला इस्पितळात पहिल्यांदाच गाढ झोप लागली. त्या माणसाचे उपकार मी पायापुरते मानत नाही.

परंड्याला उतरलो तेव्हा बाजार भरलेला होता. ह्यांच्या हातात काठी होती, पण बसमध्ये बसून पाय आखडला होता. आमच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. रस्त्यानं हे चार पावलं पुढं आणि मी मागं, असंच आम्ही चालत आलेलो. ओळखीचे लोक बघत होते, शाळेतली मुलंही होती.

"थांब जरा," हे म्हणाले आणि त्यांनी माझा दंड धरला. घरापर्यंत सोडला नाही.