खर्रा तर मी खातो

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरात कोणाचा गाल सुजला की लोक आधी एकच विचारतात, खर्रा खातो का? खातो म्हटलं की मान हलवतात, नाही म्हटलं की निश्चिंत होऊन दुसरा विषय काढतात. माझी बायको सुपारीचं खांडसुद्धा तोंडात धरत नाही. म्हणून तिची खालची दाढ हलायला लागली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "अवं, खर्रा तर मी खातो. तुले काय होते?"

किती वेळा ऐकवलं असेल हे मी तिला! तंबाखू-सुपारी-चुना घोटलेल्या खर्ऱ्याच्या दिवसाला सात-आठ पन्न्या मी खायचो. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान, जळालेल्या पंपांना नवी तार गुंडाळायची. गालात खर्रा नसला तर तांब्याच्या तारेवर हात चालायचाच नाही. कॅन्सर व्हायचाच तर या घरात मला होईल, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. अन् मला झाला नाही, मग घर सुरक्षित. असं गाढव डोकं.

होळीच्या सुमारास गावातल्या दाताच्या डॉक्टरनं ती दाढ काढली. "जड़ में पस था, हफ्ते भर में भर जाएगा," असं म्हणाला. खड्डा भरला नाही. उलट त्यातून लाल मांस वर आलं. गोळ्या झाल्या, पुन्हा गोळ्या झाल्या. पांढुर्ण्याहून सासूबाई आल्या, हळद-चुन्याचा लेप लावून गेल्या. मग एका सकाळी चहा पिताना तिच्या ओठावरून चहा ओघळला, पार पदरापर्यंत, अन् तिला पत्ताच नाही. मी हसलो. म्हटलं, लहान पोरीसारखी सांडून राहिली. ती म्हणाली, "ओठ झोपला हाय जी माहा. महिना झाला." मी म्हटलं, दाढ काढली की होते तसं. मला काय ठाऊक होतं? पण बोललो असा, जसा मीच डॉक्टर.

ती अंगणवाडीत शिकवते. दिवसभर बोलणं, गाणी म्हणणं. सुट्टी घ्यायची नाही म्हणून तीही दिवस ढकलत गेली. नागपूरला दाखवू का, असं तिनं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हटलं, कापसाचा हंगाम येऊन राहिला, मोटारी पडल्या आहेत, पुढच्या आठवड्यात पाहू. पोळा झाला. एक दिवस तिनं माझा हात धरून जबड्यावर ठेवला. "दाबून पाहा." सूज मऊ असेल असं मला वाटत होतं. ती हाडासारखी टणक होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आम्ही निघालो.

नागपूरच्या दवाखान्यात खिडकीवरच्या बाईनं माझ्या लाल दातांकडे पाहिलं अन् फाईलवर लिहायला माझंच नाव विचारलं. मी भडकलो. "मी नाही ओ, ही हाय पेशंट!" मागच्या रांगेतले सगळे वळून पाहायला लागले. बायकोनं माझी बाही ओढली. तिला हसू आलं होतं, पण सुजेमुळं ओठ एकाच बाजूनं हलला.

डॉक्टर एक बाई होत्या, वयानं आमच्याहून लहान. त्यांनी ओठाला कापूस लावून विचारलं, समजतंय का? नाही. एक्स-रे बत्तीवर धरून बराच वेळ पाहिला. मग मांसाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला: कॅन्सर नाही. बाप्पा, काय सांगू! मी दवाखान्यातूनच पांढुर्ण्याला फोन लावला, सासऱ्यांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. इकडे डॉक्टरबाईंचा चेहरा मात्र तसाच. म्हणाल्या, "हा तुकडा वरच्या मांसाचा होता. एक्स-रेत जे दिसतंय ते आत हाडात आहे. तिथला तुकडा पुन्हा घ्यावा लागेल."

मी ताडकन उभा राहिलो. "रिपोर्ट चांगला आला तर तुम्हाले काय तरास होऊन राहिला?"

त्या रागावल्या नाहीत. माझी बायको खुर्चीवरून म्हणाली, "घ्या मॅडम. आतलं घ्या."

दुसरा तुकडा थेट हाडातून घेतला. त्याचे पातळ काप लावलेल्या काचा मुंबईलाही पाठवल्या, कारण इथं असा आजार क्वचित दिसतो, दोन ठिकाणचं मत हवं. त्या दिवसांत मी दुकानात बसायचो अन् उठायचो. एक मोटार दोनदा चुकीची गुंडाळली. रिपोर्ट आला. जबड्याच्या हाडाचाच कॅन्सर. पहिलं मी विचारलं, "माझ्या खर्ऱ्यानं झाला का? एका घरात राहून?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाही. याचा खर्ऱ्याशी संबंध नाही." मग कशानं? "बहुतेक वेळा कळत नाही." मला तेव्हा इतका संताप आला! कोणाचा तरी दोष निघायला हवा होता. माझा निघाला असता तरी चाललं असतं, निदान डोकं आपटायला भिंत मिळाली असती.

आधी सलाईनमधून औषधं, मग ऑपरेशन, मग पुन्हा औषधं. केस गेले, उलट्या झाल्या, ते तिनं निभावलं. ऑपरेशनमध्ये उजवीकडचा खालचा जबडा काढायचा अन् पायाचं बारीक हाड आणून तिथं बसवायचं. "पायाचं हाड तोंडात?" असं मी दहा वेळा विचारलं असेल. त्या दिवशी सकाळी तिला आत नेलं अन् संध्याकाळपर्यंत मी बाकावर पाच मिनिटं सलग बसलो नाही. जिना चढ, जिना उतर. दुपारी फाटकाबाहेरच्या पानठेल्यावर जाऊन मी खर्रा घोटून घेतला अन् खाल्ला. हो, खाल्ला. आत तिचा जबडा कापून राहिले अन् बाहेर मी चावून राहिलो. स्वतःची इतकी किळस मला कधीच आली नव्हती, तरी थुंकला नाही.

ती बाहेर आली, जगली, पण मुख्य गोष्ट अजून बाकीच होती. कापलेल्या हाडाच्या टोकांवर आजार उरलाय का? हाड औषधात ठेवून मऊ झाल्याशिवाय त्याचा काप घेता येत नाही, म्हणून हा रिपोर्ट उशिरा येतो. ती पाटीवर लिहून विचारायची, आला का? मी मान हलवायचो. शेवटी आला. दोन्ही टोकं साफ. या वेळी मी कोणालाच फोन केला नाही. आधी डॉक्टरबाईंना तीनदा वाचायला लावला.

उरलेली औषधं संपवून आम्ही घरी आलो. तिचं बोलणं जाड झालंय, पण कळतं. तोंड उघडायचा व्यायाम तिला दिला आहे, दातांमध्ये उभी बोटं घालून. तीन बोटं जायला हवीत. परवा सकाळी अंगणात आरशासमोर ती करत होती. अडीच बोटं गेली. मी शाबासकी दिली. तिनं माझ्याकडे पाहिलं अन् म्हणाली, "आता तुम्ही."

"मले काय झालं?"

"उघडा."

मी उघडलं. तिनं बोटं घातली. दोनही धड गेली नाहीत. खर्रा खाणाऱ्याचं तोंड असंच आखडत जातं. मोबाइलची बत्ती लावून तिनं गालाच्या आत पाहिलं, खूप वेळ पाहिलं. "पांढरं हाय आत," ती म्हणाली. "तिखट झोंबते का?" मी खाली पाहिलं. वर्षभरापासून आग होते, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या आजारात माझं काय घेऊन बसायचं! ते तेव्हा तिला सांगितलं. खरं म्हणजे भीती वाटत होती, तेही सांगितलं.

ती आत गेली, लुगडं बदलून आली, गालावरून पदर घेतला. "चला, नागपूरची नऊची बस हाय."

"आज दुकानात काम हाय. उद्या जाऊ."

तिला मोठं वाक्य बोलायला त्रास होतो, लाळ सुटते. तरी ती थांबून थांबून पुरं बोलली. "एवढं हाड कापून घेतलं मी. ते का एकटीनं जगाले?"

मी चप्पल घातली.