झटका बसला की थांबणारी चक्री

सोलापूरला लोक चादरी घ्यायला जातात, मी मासे धरायची चक्री तपासायला गेले. नाशिकहून निघताना नवरा दारात म्हणाला, “त्या चक्रीवाल्या बिचाऱ्याला जरा सांभाळून घे.” त्यावरून माझी ख्याती काय आहे ते समजा.

फ्लाय फिशिंग म्हणजे पिसांची खोटी माशी करायची, दोरी गुंडाळलेली चक्री लावलेल्या लांब काठीने पाण्यावर फेकायची, मासा फसला की त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि त्याला परत पाण्यात सोडायचं. हा रिकामटेकडा उद्योग करणाऱ्या मराठी बायका मोजायला एक हात पुरतो आणि त्यातलीही बरीच बोटं उरतात. मी या सामानाची परीक्षा करून एका वेबसाइटवर मत लिहिते. वाचणारे थोडे आहेत, पण माझ्या शब्दावर दुकानदार माल ठेवतात किंवा परत पाठवतात.

काठी ठेवायच्या लांब नळीने वाटेत बरीच करमणूक केली. मोहोळला एसटी थांबली तेव्हा कंडक्टर नळीकडे बोट दाखवून म्हणाला, “मॅडम, बंदूक न्हाय न्हवं?”

“गळ आहे.”

“मग वर टाका की. गळाला कोण भितंय?”

थंडी अजून सरली नव्हती, पण सोलापूरला ते कुणी कळवलेलं दिसलं नाही. स्टँडवर उतरले तेव्हा ऊन सणसणत होतं.

चक्री बनवणारे नरसय्याअण्णा तेलुगू विणकरांच्या घरातले. जन्मभर यंत्रमागाचे सुटे भाग केले. गल्लीतले माग एकेक करून बंद पडले आणि भाग घ्यायला कुणी येईना, तेव्हा या गृहस्थांनी मोबाइलवर परदेशातले गोरे नदीत उभे राहून मासे धरताना बघितले आणि ठरवलं की ती चक्री आपल्याला जमेल. स्वतः कधी गुडघाभर पाण्यातही उतरलेले नाहीत. आत्मविश्वास असावा तर असा.

“या की अक्का,” म्हणत त्यांनी मला एका पेटीवर बसवलं, चहा मागवला आणि चक्री हातात दिली. खोटं कशाला बोलू, मी गारच पडले. इतकी सुबक वस्तू मी फार कमी हाताळली आहे. दांडी फिरवली तर आवाज नाही, कुठे कचकच नाही. दोरी हळू ओढली की ती मऊपणे सोडत होती.

“आतमध्ये एक खास गोष्ट बसवलीय,” अण्णा म्हणाले. “आता नाही सांगत. तळ्यावर कळतंय तुम्हाला.”

मग चहाचा कप खाली ठेवून त्यांनी खरा विषय काढला. “मुलगा पुण्याला असतोय. म्हणतोय, लेथ विका आणि या. मी म्हणलो, ह्या चक्रीची परीक्षा होऊ दे. मॅडमनी पास केली तर मी हितंच राहतो. नापास केली तर येतो की, नातवाला शाळेच्या बसमध्ये बसवायला.”

म्हणजे चक्रीबरोबर म्हातारबुवाही परीक्षेला बसले होते, आणि मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. मला रागच आला. दुसऱ्याच्या संसाराचं ओझं माझ्या गळाला कशाला लावायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने वळसंगच्या पुढे गेलो. तिथे अण्णांच्या ओळखीच्या बसप्पांचं शेत आणि शेताला लागून एक तळं. बसप्पा कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले, पक्के शाकाहारी. “बर्री, बर्री (या, या)” म्हणत पुढे आले आणि काठी जोडताना माझ्याकडे बघत उभे राहिले.

“धरून खाणार काय?”

“नाही, सोडून देणार.”

“खाणार न्हाय, मग धरता कशाला? त्येनं काय गुन्हा केलाय?”

या प्रश्नाला आमच्या सगळ्या वेबसाइटवर उत्तर नाही. मी टोपी नीट केली आणि पाण्यात उतरले.

तिसऱ्या-चौथ्या फेकीलाच मरळ लागला. मरळ म्हणजे तळ्यातला गुंड. तो सुसाट पळाला, चक्रीने सुरेख दोरी सोडली आणि मी मनात पासाचा शिक्का उचललासुद्धा. तेवढ्यात माशाने हिसडा दिला. चक्रीच्या पोटात टक् असा आवाज झाला, चक्री जागच्या जागी थांबली आणि पुढचा बारीक दोरा फटकन तुटला. मासा गेला, मी स्वतः बांधलेली माशी घेऊन गेला.

मागे वळले तर अण्णा काठावर आनंदाने उभे. “थांबली बघा,” ते म्हणाले. “लगेच थांबली.”

“का थांबली?”

“ही तर खास गोष्ट. मागावर धागा तुटला की पिन खाली पडते आणि माग उभा राहतो. हितं झटका बसला की पिन पडते. तुटायच्या आधीच थांबवतो मी. मागाच्या पुढं गेलो की नाही?”

मी कपाळाला हात लावला. जन्मभर ज्या माणसाने गडबड दिसली की यंत्र थांबवायचं हेच पुण्य मानलं, त्याने मासा पळू लागला की चक्रीही थांबवली. चक्रीचं काम नेमकं उलटं. ओढ वाढली की तिने आणखी दोरी सोडायची, माशाला दमवायचं.

हे मी समजावलं. अण्णांनी मान हलवली आणि आणखी एकदा बघा म्हणाले. पुन्हा टक्, पुन्हा फटकन. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी बसप्पा समाधानाने तळ्याला हात जोडत होते.

“ऊटा आतेन्री (जेवण झालं का)?” त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही पुढे ठेवलं. भाकरी पापडासारखी मोडत होती. अण्णांनी मात्र तुकडा मोडून तसाच हातात धरला होता.

“नापास का अक्का?”

सांभाळून घे, म्हणाला होता नवरा. पण खोटं पास केलं असतं तर पहिल्याच गिऱ्हाईकाने ती चक्री त्यांच्या दारात आणून आपटली असती. “नापास,” मी म्हणाले.

बसप्पा चटणी वाढत म्हणाले, “मला तर लई आवडली. दिवसभरात एक बी मासा मेला न्हाय.”

अण्णा हसले नाहीत. परतताना रिक्षात ते चक्री रुमालात गुंडाळून मांडीवर धरून बसले होते. मी बाहेरची ज्वारी बघत राहिले आणि स्वतःला शिव्या देत राहिले.

नाशिकला येऊन मी मत लिहिलं. घडण उत्तम, पण झटका बसताच थांबते, म्हणून घेऊ नये. एक शब्द मऊ केला नाही. नवऱ्याने वाचलं आणि चहा न विचारता निघून गेला. आपल्याकडच्या माणसाने काही केलं नाही म्हणून आपण रडतो, आणि केलं की माझ्यासारखी कुणीतरी काठी घेऊन हजर.

मग एक दिवस फोन आला. मागे लेथचा आवाज इतका की अण्णांना ओरडून बोलावं लागत होतं.

“अक्का, पिन काढून टाकली. आता दुसरा ब्रेक बसवतोय. परत या.”

“आणि मुलगा?”

“आला होता न्यायला, तुमचं लिहिलेलं हातात घेऊन. म्हणला, नापास झालात, आता चला. मी म्हणलो, नापास झालं की शाळा सोडतेत काय? त्याच वर्गात परत बसतेत.”