अश्विनीचे आकडे

रिपोर्टमध्ये अश्विनीचं नाव अठरा मुलींत सतरावं होतं. हेमंतभाईंनी त्यावर लाल रेघ मारून कागद माझ्यापुढे सरकवला. ते आमच्या फुटबॉल अकादमीचे मालक, मी कोच.

त्या वर्षी आम्ही जीपीएस व्हेस्ट घेतले होते. बनियनसारखं जॅकेट, पाठीवर मानेखाली एक छोटा सेन्सर. मुलगी किती किलोमीटर पळाली, किती जोरात पळाली, किती स्प्रिंट मारले, सगळं मॅच संपताच लॅपटॉपवर, आणि त्यावरून मुलींचे नंबर. पालक खूश होते. बाहेरच्या एका निवासी अकादमीच्या कॅम्पला आम्हाला पाच मुली पाठवायच्या होत्या. तिथे निवड झाली की शाळा, हॉस्टेल आणि रोज दोन वेळा ट्रेनिंग.

अश्विनी नवागाम या कामगार वस्तीतली. घरचे मूळचे हिंगोलीकडचे, वडील कापडाच्या लूमवर कामाला. ती सेंटर बॅक खेळायची, म्हणजे गोलकीपरच्या पुढे बचाव सांभाळणारी. बॉल कुठे येणार ते तिला आधी कळायचं, म्हणून ती चार पावलं सरकून आधीच तिथे उभी असायची. धावत सुटायची वेळ तिच्यावर क्वचितच यायची. इतक्या वर्षांत अशी समज मी दोन-तीन मुलांतच पाहिली.

मी हेमंतभाईंना तिच्या खेळाचा व्हिडिओ लावून दाखवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला. ते मुद्दाम वाईट वागणारे नव्हते.

"सर, मला पटतंय. पण बाकीच्या पेरेंट्सने शुं कहीशुं, काय सांगायचं त्यांना? सतराव्या नंबरची गेली आणि तिसऱ्या नंबरची राहिली?"

शेवटी त्यांनी आणखी एक मॅच दिली. आकडे सुधारले तर नाव ठेवू म्हणाले.

मी तेव्हाच अडून बसायला हवं होतं. बसलो नाही. दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर अश्विनीला बाजूला घेऊन सांगितलं की रविवारच्या मॅचमध्ये जास्त पळायचं, बॉल दिसेल तिकडे जायचं.

ती बुटाची लेस बांधत होती. थांबली.

"सर, तुम्हीच म्हणले होते ना, पळू नको, जागा धर?"

"या मॅचपुरतं," मी म्हणालो.

रविवारी ती पळत सुटली. उजवीकडे, डावीकडे, पार समोरच्या गोलपर्यंत. मधली जागा मोकळी पडली आणि आम्ही चार गोल खाल्ले. गोलकीपर मुलगी रडायला लागली. संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये अश्विनी दुसरी होती. हेमंतभाईंनी माझ्याशी हात मिळवला आणि यादीवर माझी सही घेतली.

अश्विनी कॅम्पला निघाली तेव्हा तिचे वडील सुटी टाकून स्टेशनवर सोडायला आले होते. मला वाकून नमस्कार करायला लागले, तेव्हा मी त्यांचे हात धरले.

कॅम्पहून ती दहाव्या दिवशी निवड न होता परत आली. त्याआधी तिथल्या कोचचा फोन आला होता. मुलगी मेहनती आहे म्हणाले, पण एका जागी ठरत नाही, सेंटर बॅकला हे चालत नाही. मग त्यांनी सरळ विचारलं, "हिला असं पळायला कोणी शिकवलं?"

मीच शिकवलं होतं, आणि तिथे गेल्यावर पुन्हा जागा धर, हे तिला निघताना सांगायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. यातलं काहीच मी त्यांना सांगितलं नाही. लहान आहे, शिकेल, असं काहीतरी बोलून फोन ठेवला.

अश्विनी अजून प्रॅक्टिसला येते. मी जागा धर म्हणतो, ती मान हलवते, आणि शिट्टी वाजली की बॉलमागे धावते. मॅच झाली की आधी लॅपटॉपपाशी जाऊन आपला नंबर बघते.

व्हेस्टचा दोष नाही. तो किलोमीटर मोजतो आणि बरोबर मोजतो. ज्याच्यावरून आपण नंबर देतो, मुलं तेच खेळतात, एवढं मात्र कोचला ठाऊक असायला हवं. मला ठाऊक होतं.